नुसत्या खुर्च्या नकोत, कुपवाडला वाचनालय द्या

पोस्ट लांबलीय, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात अकरावी-बारावीचं पोरगं किंवा पोरगी आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी जमेल तसं.

जानेवारीत आपल्या महापालिकेची निवडणूक झाली. २०२३ च्या ऑगस्टपासून प्रशासक होते, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं तक्रार घेऊन जायचं तर नेमकं कुणाकडं, हाच प्रश्न होता. आता प्रभागात माणसं आहेत, फोन उचलतात (सध्या तरी). प्रचारात दारात आलेली पत्रकं मी रद्दीत टाकली नाहीत. ड्रेनेज, रस्ते, पाणी, दिवाबत्ती हे कुपवाडचे कायमचे विषय त्यात होतेच. पण एक शब्द यावेळी बऱ्याच पत्रकांत दिसला. अभ्यासिका.

वाचून बरं वाटलं. पुढारी पोरांच्या अभ्यासाचं बोलायला लागले, हे काही कमी नाही. तरीही तो शब्द मला खटकतोय. का ते सांगतो.

अभ्यासिका कशी असते ते आपण सगळ्यांनी बघितलंय. एक हॉल. भिंतीकडं तोंड करून टेबलं, मध्ये प्लायवूडचे आडोसे, डोक्यावर ट्यूबलाइट, कोपऱ्यात पाण्याचा जार. बाहेर नामफलक, त्यावर पंधरा नावं. पोरं आपापली पुस्तकं घेऊन येतात, आपापली घेऊन जातात. शांतता मिळते. दोन खोल्यांत सहा माणसं राहतात त्या घरातल्या पोराला शांततेची किंमत विचारा, म्हणजे ही किती मोठी गोष्ट आहे ते कळेल. पण ज्या पोराकडं पुस्तकच नाही, त्याला नुसती शांतता देऊन काय करायचं?

दुसरी गोष्ट. अभ्यासिकेत बसतं कोण? एमपीएससीवाले, पोलीस भरतीवाले, तलाठी-ग्रामसेवकच्या जाहिरातीची वाट बघणारे. पंचवीस-अठ्ठावीस वर्षांची पोरं. सकाळी सातला येऊन जागा धरतात ती रात्रीपर्यंत उठत नाहीत. त्यांचं चुकतंय असं अजिबात म्हणायचं नाही, त्यांच्या मागचं ओझं मला माहीत आहे. पण सोळा-सतरा वर्षांचं पोरगं कॉलेज करून, जेवून चार वाजता तिथं गेलं की खुर्ची शिल्लक नसते. खाजगी अभ्यासिका आहेत, त्या महिन्याला पैसे घेतात. क्लासची फी भरून थकलेल्या बापाकडं तो खर्च मागायला पोरांना लाज वाटते.

माझी थोरली बारावी सायन्सला आहे. मी तिला विचारलं, तिकडं बसत जा की थोडा वेळ. म्हणाली, "पप्पा, तिथं सगळे दादा लोक असतात भरतीचे. आम्ही दोघी गेलो होतो एकदा. कोण काय बोललं नाही, पण सगळे बघायला लागले. परत नाही गेलो आम्ही." आपल्याकडच्या पोरी 'गेलो, आलो'च म्हणतात, ते असू द्या. पण कुणी काही बोललं नाही तरी पोरगी परत गेली नाही, हे लक्षात घ्या. अभ्यासिकेच्या उद्घाटनाच्या भाषणात हे कुणी बोलणार नाही.

मी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात स्टोअर बघतो. आमच्याकडं जे कामगार आहेत, त्यांची पोरं या वयाची आहेत. बाप फर्स्ट शिफ्टला असला तर पहाटे घर जागं, नाईटला असला तर दिवसा घरात मोठ्यानं वाचायचं नाही, कारण तो झोपलेला असतो. सूतगिरणीच्या बाजूला, बामणोलीकडं, वाघमोडेनगरात, अहिल्यानगरात भाड्याच्या खोल्यांत राहणारी कितीतरी घरं अशी आहेत. कर्नाटकातून आलेली आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची आहेत, जतची, आटपाडीची आहेत. आई-बाप शिकलेले नाहीत, पण पोरं शिकावीत म्हणून इथं टिकून आहेत. दहावीपर्यंत शाळा सांभाळते. अकरावीला पोरगं कॉलेजात गेलं की ते एकटं पडतं. पुस्तकं इंग्रजीत, शिकवणं भरभर, आणि पुढं काय करायचं ते सांगायला घरात कुणी नाही.

गेल्या महिन्यात मी संध्याकाळी चालायला जाताना ओळखीच्या पोरांना एकच प्रश्न विचारत होतो. बाबा, तुला अभ्यासाला काय कमी पडतंय? 'एसी' असं कुणीच म्हणालं नाही.

एक म्हणाला, "काका, फिजिक्सचं एच. सी. वर्मा पाहिजे. सर म्हणतात त्यातली गणितं करा. दोन भाग आहेत. मित्राकडं आहेत, पण तो परीक्षेच्या आधी देत नाही." एक कॉमर्सची पोरगी म्हणाली, "जुने पेपर पाहिजेत, उत्तरांसकट. मोबाईलवर मिळतात पण कोणते खरे ते कळत नाही." आर्ट्सचा एक पोरगा, हुशार आहे, तो म्हणाला, "मला वकिली करायचीय. बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स असतो म्हणतात. त्याची सीईटी कधी असते, फॉर्म कुठं भरायचा, काय माहीत नाही." आणि एकानं जे सांगितलं ते ऐकून मी घरी येऊन बराच वेळ गप्प बसलो होतो. म्हणाला, "कोणतरी विचारायला पाहिजे काका. म्हणजे मला अडलं की मी कुणाला तरी विचारलं पाहिजे ना. तसं कोण नाही."

या चारही गरजा खुर्चीनं भागत नाहीत. त्या वाचनालयानं भागतात. आणि वाचनालय म्हणजे पुस्तकं, ठरलेली वेळ आणि तिथं बसलेलं एक जाणतं माणूस. यातलं एक जरी नसलं तरी ते गोडाऊन होतं.

आता कुणी म्हणेल, सांगली-मिरजेत वाचनालयं आहेत की. आहेत, आणि मोठी आहेत. दीडशे वर्षांची परंपरा असलेलं सांगलीचं नगर वाचनालय आहे. मिरजेत इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे यांच्या नावाचं खरे मंदिर वाचनालय आहे. या दोन्ही गावांना पुस्तकांचा वारसा आहे, आणि त्याचा मला अभिमानच वाटतो. पण ९ फेब्रुवारी १९९८ ला तीन गावं जोडून एक महापालिका झाली तेव्हापासून आपण तिसरे आहोत. नावात शेवटी आणि बजेटमध्येही शेवटी. कुपवाडातून दोन्हीकडं पाच-सात किलोमीटर पडतात. पोरगं कॉलेजहून आलेलं असतं, क्लासला जायचं असतं, त्यात रिक्षानं पुन्हा गावात जाऊन पुस्तक बदलून यायचं, हे रोजच्याला होत नाही. पोरीला तर संध्याकाळी सातनंतर तिकडून एकटीनं यायचं म्हटलं की घरातनंच नाही म्हणतात.

अजून एक गोष्ट, जी आपण विसरत चाललोय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या पुरात नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. नंतर लोकांनी ठिकठिकाणाहून पुस्तकं पाठवली, संस्था पुन्हा उभी राहिली, त्या माणसांना हात जोडले पाहिजेत. पण तेव्हा सांगलीतली माणसं कुठं आली होती? विश्रामबागला, मिरजेला, आपल्या कुपवाडला. कारण आपण उंचावर आहोत. २०२१ ला पुन्हा तेच. मग मला सांगा, तीन गावांच्या महापालिकेनं नवीन पुस्तकं कुठं ठेवावीत? जिथं नदीचं पाणी येत नाही तिथं ना? कुपवाडला वाचनालय देणं म्हणजे उपकार नव्हे, ते सगळ्या शहराच्याच फायद्याचं आहे.

थोडं कायद्याचं बोलू. कंटाळा करू नका, यातच खरी मेख आहे.

आपल्या महापालिका ज्या कायद्यानं चालतात तो १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. त्यात कामांच्या दोन याद्या आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं: पाणी, गटारं, रस्ते, दिवे, प्राथमिक शिक्षण वगैरे. ही करावीच लागतात. आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं, म्हणजे पैसा असेल आणि इच्छा असेल तर करायची. सार्वजनिक वाचनालय या दुसऱ्या यादीत आहे. म्हणून वाचनालय नाही म्हणून महापालिकेला कुणी जाब विचारत नाही. ते मागावं लागतं, आणि मागत राहावं लागतं.

राज्याचा वेगळा कायदा आहे, महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७. पण त्यातसुद्धा जिल्ह्याच्या ठिकाणचं शासकीय ग्रंथालय सोडलं तर सरकार स्वतः गावोगाव वाचनालय काढत नाही. संस्था काढतात, मग त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि त्याप्रमाणं अनुदान. २०२२ मध्ये या अनुदानात ६० टक्के वाढ झाली, तरी छोट्या वाचनालयात काम करणाऱ्या माणसाचा पगार ऐकला तर तुम्हाला आपल्या हेल्परचा पगार बरा वाटेल. तमिळनाडूत १९४८ च्या मद्रास कायद्यापासून घरपट्टीबरोबर वाचनालयाचा उपकर घेतात, त्यामुळं तिथं वाचनालयाला हक्काचा पैसा असतो. आपल्या कायद्यात असा उपकर नाही. आपल्याकडं वाचनालय चालतं ते चार वेड्या माणसांच्या जिवावर.

आणि गंमत बघा. हिंदुस्थानातला पहिला ग्रंथालय कायदा कुणी केला? आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं, १९४५ साली. स्वातंत्र्याच्या आधी. त्याच्याही आधी, १९१० च्या सुमारास, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून घेतला आणि गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर होतं ते. शंभर वर्षांपूर्वी पेटी गावात येत होती, आणि आज आपण महापालिकेच्या हद्दीत राहून पुस्तकासाठी रिक्षा करून सांगलीला जातोय.

जुनं राहू द्या, आजचं बघा. मिरजेतनं म्हैसाळ ओलांडून पुढं गेलं की कागवाड, कर्नाटक लागतं. तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये गावातली ग्रंथालयं ग्रामविकास खात्याकडं दिली, म्हणजे ग्रामपंचायतीच्या अंगावर जबाबदारी आली. २०२० मध्ये 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, अशी मोहीम काढून ६ ते १८ वर्षांच्या मुलांना फुकट सभासद करून घेतलं. सीमेच्या पलीकडच्या खेड्यातल्या पोराला जे मिळतं ते अलीकडच्या महापालिकेतल्या पोराला का मिळू नये? सीमेवरून आपण एवढी भांडणं करतो, एकदा यावरूनही करूया की.

आणि इमारत नाही हे कारण मला कुणी सांगू नये. सातारा जिल्ह्यात भिलारला ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव सुरू झालं. नवीन इमारत बांधली का? लोकांच्या घरात, शाळेत, देवळात पुस्तकं ठेवली. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसांनी आपल्या ओसरीवर कपाटं लावून घेतली. आपल्याच जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं अंकलखोप नंतर त्या योजनेत आलं. आपल्याकडं महापालिकेच्या शाळा आहेत. संध्याकाळी पाचला त्यांना कुलूप लागतं ते सकाळपर्यंत. भिंती आहेत, बाकं आहेत, लाइट आहे, संडास आहे, गेट आहे. पाच ते नऊ एवढा वेळ दोन वर्ग उघडे ठेवले तर उद्यापासून वाचनालय सुरू होतं. नारळ फोडायची हौस असेल तर तिथंच फोडा.

आता काय काय असावं ते माझ्या परीनं लिहितो. तुम्ही भर घाला.

पुस्तकं. कादंबऱ्या, चरित्रं असावीतच. वि. स. खांडेकर सांगलीतच जन्मले, त्यांचं एक पुस्तक आपल्या पोरांनी हातात घेतलेलं नसेल तर वाईट दिसतं. पण अकरावी-बारावीच्या कपाटात सगळ्यात आधी जे लागतं ते असावं, आणि एक-एक प्रत नको. एच. सी. वर्माची एक प्रत ठेवली तर ती 'बाहेर देता येणार नाही' म्हणून कपाटात कुलूपबंद राहते. पाच ठेवा. नीटसाठी एनसीईआरटीची पुस्तकं लागतात, ती स्वस्त आहेत, दहा-दहा ठेवा. बोर्डाचे जुने पेपर बाइंडिंग करून ठेवा. कॉमर्सच्या पोरांना सीए फाउंडेशनची पुस्तकं, आर्ट्सच्या पोरांना विधी सीईटीची, एनडीएची. चांगल्या डिक्शनऱ्या. सायन्सचीच पोरं म्हणजे विद्यार्थी, हा समज आधी काढून टाकला पाहिजे.

कॉम्प्युटर. चार चालतील, पण चालू असलेले. फुकट मिळणारं किती आहे ते आपल्या पोरांना माहीतच नाही. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. आयआयटी कानपूरनं जेईई-नीटच्या तयारीसाठी 'साथी' नावाचा मंच २०२३ पासून सुरू केलाय, तोही फुकट. आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे. मराठी विश्वकोश, जो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून उभा केला, तो आज पूर्ण ऑनलाइन आहे. पोरगं मोबाईलवर हे शोधायला जातं आणि दोन मिनिटांत रील्सवर पोचतं. मोठा स्क्रीन, शेजारी बसलेलं दुसरं पोरगं आणि समोर बघणारं माणूस असलं की तेच पोरगं तासभर शिकतं.

माणूस. हे सगळ्यात महाग आणि सगळ्यात आधी. ग्रंथपालाचं शिक्षण घेतलेली पोरं-पोरी आपल्या जिल्ह्यात बसून आहेत. त्यातली एक नेमा. शिपायाच्या ड्युटीला जोडून नको, मानधनाच्या नावाखाली सहा महिन्यांनी पगार असलंही नको. कुठलं पुस्तक कुणाला द्यायचं, कुणाला काय अडलंय, कोण आठवडाभर आलं नाही, हे ज्याला माहीत असतं तो ग्रंथपाल.

पोरींसाठी. वेगळी खोली पाहिजेच असं नाही, पण आठवड्यातले काही तास फक्त अकरावी-बारावीचे ठेवा, म्हणजे भरतीवाले दादा लोक त्यावेळी नसतील आणि पोरी निवांत येतील. स्वच्छतागृह धड असावं. वाचनालयापासून चौकापर्यंत दिवे असावेत. हे तीन केलं तर बाकीची भाषणं नकोत.

आणि कार्यक्रम. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण इथं खरंच कुणाचं तरी आयुष्य अडकलेलं असतं.

आमच्या गल्लीतला एक पोरगा. सीईटीला चांगले मार्क पडले, इंजिनिअरिंगला आपल्याच जिल्ह्यात चांगली जागा मिळाली असती. राखीव प्रवर्गातनं फॉर्म भरला, आणि तेव्हा कळलं की जात वैधता प्रमाणपत्र लागतं. दाखला होता, वैधता नव्हती. अर्जाची पावतीसुद्धा नव्हती. बाप तीन दिवस रजा टाकून फिरला. शेवटी खुल्या गटातनं मिळालं तिथं, लांब, जास्त फी भरून जावं लागलं, आणि दुसऱ्या वर्षी त्यानं सोडलं. आज तो आमच्याच लाइनला कामाला आहे. चांगलं काम करतो, कष्टाळू आहे. पण वैधतेचा अर्ज अकरावीतच करता येतो, ही एक ओळ त्याला वेळेवर कुणी सांगितली असती तर?

दुसरं. २०२४ पासून राज्य सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. प्रवेश मात्र सरकारी कॅप फेरीतनं घेतलेला पाहिजे. आमच्या कारखान्यात मी हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा दोघे बाप माझ्याकडं बघतच राहिले. त्यातला एक म्हणाला, "मी पोरीला बी.ए.ला घालायचं ठरवलंतं की ओ, फीमुळं." पोरगी हुशार, बापाची इच्छा आहे, सरकारचा निर्णय आहे. मध्ये फक्त माहिती नाही. हे काम वाचनालय करू शकतं.

म्हणून महिन्यातनं एक कार्यक्रम हवा, आणि तो हार-तुऱ्यांचा नको. जूनमध्ये, कॉलेज सुरू झालं की, कागदपत्रांचा दिवस: कोणते दाखले लागतात, कुठं मिळतात, किती दिवस लागतात. ते एका फलकावर मोठ्या अक्षरात वर्षभर लावून ठेवा. ऑगस्टमध्ये १२ तारखेला एस. आर. रंगनाथन यांची जयंती असते, ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात, त्या दिवशी नव्या सभासदांना पुस्तकं शोधायला शिकवा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आहेच. दिवाळीनंतर दर रविवारी अडलेली गणितं: वालचंदची, विलिंग्डनची पोरं इथून हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना प्रेमानं बोलवलं तर दोन तास येतील. मार्चनंतर सीईटीचे सराव पेपर, घड्याळ लावून.

शिवाय आपल्याजवळ एमआयडीसी आहे. टूलरूममध्ये तीस वर्षं काम केलेला कारागीर, फाउंड्रीतला केमिस्ट, लेखापाल, सीएनसी ऑपरेट करणारी ताई, यांना बोलवा. पोरांना कळू द्या की पुस्तकातलं टॉलरन्स, पुस्तकातलं कार्बनचं प्रमाण इथंच, दोन किलोमीटरवर, रोज वापरलं जातं. डिप्लोमा करावा की डिग्री, आयटीआयला कमी समजावं का, याचं उत्तर त्यांच्याइतकं खरं कुणी देणार नाही. औदुंबरला दरवर्षी संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, लोक गावोगावहून स्वतःच्या खर्चानं येतात. आपल्या भागात माणूस ऐकायला येतो, फक्त कामाचं बोललं पाहिजे.

"पोरं वाचत नाहीत, मोबाईलवर असतात" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. आधी पुस्तक हाताला लागेल एवढ्या अंतरावर आणा, मग पोरांना नावं ठेवा. आणि "पैसे कुठनं आणायचे" म्हणणाऱ्यांना, शाळेची इमारत आहेच, पुस्तकं एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालतात, दरवर्षीचा खर्च येतो तो माणसाच्या पगाराचा. तो बजेटमध्ये स्वतंत्र लेखाशीर्षाखाली मागा, नाहीतर पहिल्या वर्षी उद्घाटन आणि दुसऱ्या वर्षी कुलूप. मोठ्या कंपन्यांचा सीएसआर पुस्तकांना, कॉम्प्युटरना मिळू शकेल, पगाराला मात्र महापालिकेनंच उभं राहायचंय.

पुस्तकं देणाऱ्यांनाही एक विनंती. अभ्यासक्रम बदललेली गाइडं, अर्धी फाटलेली मासिकं दान करून पुण्य मिळत नाही. यंदा बारावी झालेल्या पोराचे चांगले संच द्या, त्यात त्यानं लिहिलेल्या नोट्स असल्या तर अजून चांगलं.

मी प्रभाग समितीला द्यायला अर्ज लिहायला घेतलाय. पुढच्या रविवारी संध्याकाळी सह्या घेऊ, येताना आपल्या पोरांनाही आणा, त्यांचंच काम आहे. कमेंटमध्ये दोन गोष्टी लिहा: तुमच्या पोराला कुठलं पुस्तक लागतंय, आणि तुमच्या भागातली कुठली शाळा संध्याकाळी उघडी ठेवता येईल. तीच यादी अर्जाला जोडतो.

आणि ज्यांनी पत्रकात अभ्यासिका लिहिली होती ते भेटले की नमस्कार करून त्यांना तीनच प्रश्न विचारा. रात्री किती वाजेपर्यंत उघडी राहणार? आत पुस्तकं कोणती आणि किती प्रती? आणि तिथं बसणारं माणूस कोण, त्याचा पगार कोण देणार? तिन्हींची उत्तरं आली तर समजा वाचनालय होणार आहे. न आली तर खुर्च्या येतील, फलक येईल, आणि आपली पोरं आहेत तिथंच राहतील.